मंद्रूपच्या लारीची मागची चार टायरं

टायर घ्यायला येणाऱ्या माणसांवर माझा पहिल्यापासून राग आहे. सोलापुरात नव्या पेठेतल्या टायरच्या दुकानात मी ऐन तारुण्यात नोकरीला लागलो आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिलो, तेव्हा हा राग काही फुकटचा नाही. गिऱ्हाईक येतं आणि आधी टायरला लाथ मारतं. लाथेनं टायरचं काय कळतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसरा एखादा नखानं ओरखडा काढून बघतो, तिसरा वास घेतो, आणि तिघंही मान हलवून म्हणतात, "माल बरा दिसतोय की." मग मी तोंड वाकडं करून रस्त्याकडं बघत बसतो. लोक मला मागून 'खवळा चनमल्लप्पा' म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

केराबाईनं लाथ मारली नाही. साल चौतीस असेल नाही तर पस्तीस, दसरा नुकताच झाला होता. अंगावर इरकली लुगडं, खांद्यावर दुमडलेली घोंगडी, आणि तिच्या मागं दोन पावलं ठेवून चालणारा नवरा. बाई पुढं आणि नवरा मागं हा देखावा आमच्या पेठेला नवा होता. दुकानाची पायरी चढताच तिनं मला विचारलं, "आप्पा, मेंढराचं वय दातावरनं कळतं. ह्येचं कशावरनं वळकायचं?"

"बाई, हे टायर आहे," मी म्हटलं. "याला दात नसतात."

तिनं नव्या टायरच्या नक्षीत बोट घातलं. "ह्या खाचा झिजत्यात का न्हाय?"

"झिजतात की."

"मग त्येच दात झालं."

बोलणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

ती दोघं मंद्रूपची, धनगर. नवरा ज्ञानू पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता. तिथं खेचरांची देखरेख करायला म्हणून नेलेला माणूस मोटार हाकायला शिकून परत आला. पुढं सोलापुरातल्या एका ठेकेदाराकडं तो लारी चालवायचा. ठेकेदारानं धंदा आवरला तेव्हा ज्ञानूनं आपल्या वाट्याला येतील तेवढी मेंढरं त्याला दिली आणि लारी घेतली. हा सगळा उद्योग केराबाईचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. ज्ञानू इतका गरीब माणूस, की रस्त्यात कोंबडी आडवी आली तर लारी थांबवून खाली उतरायचा.

ही लारी साधी नव्हती. हिच्या मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी जुळी चाकं होती, म्हणजे एका अंगाला दोन, दुसऱ्या अंगाला दोन. ओझं चौघांत वाटलं जावं म्हणून ही सोय. अशा लाऱ्या त्या वेळी सोलापुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शेंगांचा हंगाम सुरू झालेला, मंद्रूपहून तेलगिरणीपर्यंत पोती आणायचं काम मिळालेलं, आणि मागच्या चारांपैकी दोन टायरं इतकी झिजलेली की आतलं सूत दिसत होतं.

केराबाई एकेक टायर उलटं करून बघत होती, तेवढ्यात ज्ञानू माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आप्पा, जरा चांगलं बगून द्या. लारी बंद पडली तर आमचं खरं न्हाय."

मग त्यानं मला सगळं सांगितलं. घरचा कारभारी त्याचा थोरला भाऊ धोंडीराम. दिवाळीचा पाडवा झाला की धोंडीराम खांड घेऊन, म्हणजे सगळी मेंढरं घेऊन, पश्चिमेकडं निघायचा. घोड्यांवर संसार लादायचा, आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आज या रानात तर उद्या त्या रानात. धोंडीरामाला लारी मुळीच पसंत नव्हती. त्यानं बजावून ठेवलं होतं, की पाडव्यापर्यंत लारी धड चालली तर तुम्ही दोघं मंद्रूपला राहा, नाही तर लारी विकायची आणि मुकाट्यानं मेंढरांमागं यायचं. मेंढरं घराची होती, तेव्हा लारीही घराचीच.

"आन तिला दिवस गेल्यात," ज्ञानू खाली बघत म्हणाला. "पयलं पोर वाटंतच झालं, नीरेच्या काटाला. आठवडाभर बी जगलं न्हाय. तितंच पुरलं आन दुसऱ्या दिशी मेंढरं फुडं हाकली. आता ती म्हनती, ह्ये दुसरं छपराखाली व्हनार."

मी खवळा असलो तरी दगड नाही. मी आत गेलो आणि त्या मापाची होती नव्हती ती सगळी टायरं बाहेर काढली. नवी फक्त दोनच निघाली. पुढचा माल मुंबईहून दिवाळीनंतर येणार होता.

"दोन पुरं," केराबाई म्हणाली. "एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला. नवं आन जुनं शेजारी शेजारी."

मी म्हटलं, "तसं करू नका. दोन्ही नवी एकाच अंगाला घाला. दुसऱ्या अंगाला जुन्यातली बरी दोन. जोडीला जोड लावा."

"का?"

आता पंचाईत झाली. मुंबईहून येणारा कंपनीचा माणूस तसं सांगून गेला होता, एवढंच मला ठाऊक. का, ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. "कंपनी म्हणते," मी म्हटलं.

"कंपनीनं कवा मोट हाकलीया का?" केराबाई म्हणाली. तिचं माहेर कुंभारीचं, बापाची विहीर बागायती. "माझ्या बापानं नवा खोंड कवा बी नव्या खोंडाबरूबर जुपला न्हाय. खोंडाच्या शेजारी जुना बैल पायजे. खोंड वडतो, जुना त्येला वळन लावतो. दोन्ही नवं एका अंगाला घालून दुसऱ्या अंगाला दोन म्हातारं जुपलं, तर गाडी कुटं जाईल?"

ज्ञानूनं मान डोलावली. खरं सांगायचं तर मलाही ते पटल्यासारखं झालं, कारण माझा बापही शेतकरीच होता. नवं आणि जुनं शेजारी शेजारी बसवलं. जाताना केराबाईनं दोन्ही नव्या टायरांवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि लारी विजापूर रस्त्याला लागली.

दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती. भर दुपारी दुकानासमोर लारी उभी राहिली, ती एका अंगाला कललेली. डाव्या बाजूच्या नव्या टायराच्या चिंध्या झाल्या होत्या. पोती भरून येताना सीना नदीचा चढ चढत असतानाच ते फुटलं होतं. फुटल्यावर सगळं ओझं शेजारच्या जुन्यावर आलं आणि लारी खड्ड्याकडं झुकली. नशीब की उलटली नाही. पोती बैलगाड्यांतून गिरणीत पोचवावी लागली, आणि सगळ्या मंद्रूपनं ते बघितलं. धोंडीरामानंही.

मला वाटलं, आता बाई दुकानात येऊन माझा उद्धार करणार. दुकानाचे मालक शेटजी तर आधीच आत जाऊन बसले. पण केराबाई भांडली नाही. तिचा चेहरा उतरलेला होता, डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत.

"आप्पा, नवं कसं फुटलं? जुनं ऱ्हायलं आन नवंच कसं फुटलं?"

"कंपनीनं सांगितलं होतं..."

"कंपनी ऱ्हाऊ द्या. तुमी आन मी बगू."

उजव्या अंगाला नवं आणि जुनं अजून तसंच शेजारी होतं. मी दुकानाच्या दाराचा अडसर काढून आणला. चांगला सरळ, सागवानी. तो दोन्ही टायरांच्या डोक्यावर आडवा ठेवला. नव्यावर तो टेकला. जुन्याच्या डोक्यावर मात्र बोटभर फट राहिली, आणि त्या फटीतून पलीकडचं उडप्याचं हॉटेल दिसत होतं.

केराबाई खाली वाकली, तिनं फटीत बोट घातलं. मग म्हणाली, "अगं बया."

"काय झालं?"

"रोज लारी आली की मी चाकांवर हात ठिवत व्हते. नवं लई तापल्यालं आसायचं, जुनं गारीगार. मला वाटायचं, बरं हाय, नवं वडतंय आन जुन्याला इसावा मिळतोय." ती जमिनीवर बसलीच. "त्ये इसावा घेत नव्हतं, आप्पा. त्ये भुईला पोचतच नव्हतं. सगळं ओझं एकट्यानं वडत व्हतं ह्ये."

मला कंपनीच्या माणसाचं बोलणं त्या दिवशी समजलं. बैलांचं तसं नसतं. जू एकीकडं कललं तर गडी सावरून घेतो, थांबतो, जोत ढिलं करतो. दोन चाकं एका आसाला घट्ट बांधलेली. जे उंच असेल त्यानंच सगळं सोसायचं, आणि ठेंगण्यानं नुसतं फिरायचं.

"आता काय करायचं?" ज्ञानू म्हणाला. "नवं मिळत न्हाय. दादा म्हनतोय, लारीला गिऱ्हाईक बगितलंय."

मी म्हटलं, "मग विकून टाका की. जिवापेक्षा लारी मोठी आहे का?"

तेव्हा केराबाई जी माझ्यावर उखडली ती मला जन्मभर पुरली. "जिवासाटीच की, आप्पा! आट म्हैनं चालायचं. पोटात पोर घिऊन चालायचं. दुकलं तर झाडाखाली बसायचं, आन झालं की उटून पुन्ना चालायचं. माझं पोर जितं पुरलंया तितं मी परत गेले न्हाय, ठाव हाय? त्या वाटंनं मेंढरं पुन्ना गेलीच न्हाईत. म्या ही लारी हौसंनं घेतली न्हाय. मेंढरं जात्यात ती पावसाळ्याबिगर येत न्हाईत. लारी सांजच्याला घरी येती. मला घरी ऱ्हायचंय."

पेठेतली दोन-चार माणसं थांबून बघायला लागली होती. मी त्यांना हुसकून लावलं. मग मी माझ्या अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हटलं, "चला मागं."

दुकानाच्या मागं जुन्या टायरांचा ढीग होता. लोक नवं घेऊन जुनं टाकून जायचे, आणि चपला करणारे त्यातले चांगले पट्टे कापून न्यायचे. केराबाईनं ढिगाकडं बघितलं आणि पदर खोचला. मी तिला ओझं उचलू दिलं नाही. उचलायला ज्ञानू, बघायला ती, आणि आतून चाचपायला मी. टायराची बाहेरची नक्षी बघून उपयोग नसतो. आतलं सूत तुटलेलं असेल तर ते भार घेत नाही. हे मात्र मला कंपनीनं नाही, माझ्या बोटांनी शिकवलं आहे.

घेर मोजायला तिनं घोंगडीच्या कडेची लोकरीची दोरी सोडली. मी ओरडलो, "लोकर ताणली जाते बाई! आज एक माप दाखवील, उद्या दुसरं."

"खरं हाय की," ती म्हणाली, आणि सुतळी मागून घेतली. सुतळी टायराभोवती फिरवायची, गाठ मारायची, दुसऱ्या टायराभोवती तीच गाठ लावून बघायची. थोडाही फरक आला की ती मान हलवायची. मी म्हणायचो, "एवढ्यानं काय होतंय?" ती म्हणायची, "मला एवड्यानंच बुडवलंया."

एक उमदं टायर सापडलं, बाहेरून नव्यासारखं. ज्ञानूला ते फार आवडलं. मी आत हात घातला, तर बोटाला भेग लागली. बाजूला टाकलं. दुसरं माझ्या हाताला पसंत पडलं, तर तिच्या सुतळीनं नापास केलं. उन्हं कलली तरी आमचं चाललंच होतं. शेटजी एकदा दारातून डोकावले आणि परत गेले.

शेवटी चार जमली. चारही झिजलेली, चारही आतून धड, आणि घेर इतका सारखा की एकच गाठ चौघांना बसली. मी सांगितलं, "एका अंगाची जोड जुळली तरी पुरे, चारही एकसारखी नसली तरी चालतं." तिनं ऐकलं नाही. तिला चौघंही एका घेराचीच हवी होती.

"आन ह्ये उरल्यालं नवं?" ज्ञानूनं विचारलं. "लई देखनं हाय. हेला एका अंगाला..."

"ह्ये शेटजींना परत. त्येच्या बदली ही चार."

ज्ञानूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नवं दिऊन जुनं घ्यायचं? लोक हासतील की गं."

"हासू द्या. लारी वर चढली की त्येंचं हसनं खाली ऱ्हातंय."

इतक्या वर्षांत नवं परत देऊन जुनी चार नेणारं दुसरं गिऱ्हाईक मी बघितलं नाही. शेटजी आनंदानं कबूल झाले, कारण ढीग कमी होत होता. हवा मी स्वतः भरली, चौघांत सारखी. अडसर पुन्हा दोन्ही अंगांना टेकवून बघितला. फट नव्हती.

पाडव्याला दुकानाची पूजा झाली आणि दुपारी दुकान बंद झालं. खांड दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं. वाटेच्या खर्चाला पेंड आणि मीठ न्यायला धोंडीराम सोलापुरात आला होता. उंच, काटक माणूस, मिशा पिकायला लागलेल्या, बोलणं मोजकं. लारी दुकानासमोर उभी होती, पेंडीच्या आणि मिठाच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली. परत जाताना सीना ओलांडून पलीकडच्या काठाचा तसाच चढ चढायचा होता.

धोंडीरामानं टायरांकडं बघितलं. "ही तर जुनी हाईत."

"व्हय, भावजी," केराबाई म्हणाली.

"लारी चढ चढली तर ऱ्हावा. न्हाय चढली तर उद्या घोड्यावर सामान चढवायचं. मग माझ्या म्होरं रडायचं न्हाय."

"न्हाय रडनार." मग ती माझ्याकडं वळली. "आप्पा, आतून हात तुमी घातला. तुमीच वर बसा."

म्हणजे सणाच्या दिवशी घरदार सोडून मी मिठाच्या पोत्यावर बसलो, आणि माझ्या शेजारी धोंडीराम. केराबाई पुढं ज्ञानूच्या बाजूला. सगळा रस्ता माझं लक्ष खालच्या आवाजाकडं होतं. सीना ओलांडली. चढ लागला. ज्ञानूनं गियर बदलला, लारी कण्हली आणि हळूहळू वर सरकायला लागली. मी पोत्याचा कान घट्ट धरून ठेवला होता. मनात म्हटलं, चनमल्लप्पा, एखाद्या टायरात तुझं बोट चुकलं असेल तर या बाईचं मूल पुन्हा झाडाखाली होईल. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

लारी चढली. माथ्यावर केराबाईनं ती थांबवायला लावली, खाली उतरली आणि म्हणाली, "भावजी, खाली या. हात लावून बगा."

धोंडीराम उतरला. डावीकडच्या दोन्ही टायरांवर त्यानं तळहात ठेवला, मग वळसा घालून उजवीकडच्या दोन्हींवर. चारही सारखीच कोमट होती.

"व्हय," तो म्हणाला, आणि पुन्हा पोत्यांवर चढून बसला.

रात्री मी त्यांच्याकडंच राहिलो. सकाळी खांड निघालं तेव्हा गावाबाहेरच्या त्यांच्या घरासमोर नुसती धूळ आणि बें-बें. घोड्यांवर वाकळा, पातेली, कोंबड्यांचे खुराडे बांधलेले. एक घोडं मोकळं उभं होतं. केराबाईच्या संसारासाठी ठेवलेलं ते घोडं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धोंडीरामानं त्याच्यावर मिठाची दोन पोती चढवली आणि दोरी आवळली. केराबाई त्याच्या पाया पडली.

मग धोंडीराम आईकडं वळला. मायाक्का घराच्या उंबऱ्यावर बसली होती. साठी उलटलेली, दर वर्षी खांडाबरोबर जाणारी. सुनेच्या लारीवरून तिनं आजवर बरं किंवा वाईट काहीच म्हटलेलं नव्हतं. तिचं अंथरूण घोड्यावर केव्हाच बांधून झालं होतं.

"आये, चल. ऊन व्हईल."

मायाक्का उठली नाही. "तू जा."

"जा म्हंजी? आन तू?"

"मी हितं ऱ्हाते."

"आगं, मेंढरांमागं भाकऱ्या कोन करनार?"

"तुजी बायकू हाय की." मग म्हातारीनं केराबाईच्या पोटाकडं बोट केलं. "माजी पाच बाळंतपनं वाटंवर झाली, धोंड्या. दोन तुमी हाईसा. तिगं कुटं कुटं ऱ्हायली त्ये मलाच ठाव. एक तरी घरात व्हताना बगू दे मला."

मेंढरं पुढं गेली होती, कुत्री धोंडीरामाकडं वळून वळून बघत होती. मग त्यानं घोड्यावरची गाठ सोडली, आईचं अंथरूण खांद्यावर घेतलं आणि स्वतः घराशी आणून केराबाईच्या हातात दिलं. ती तेव्हा रडली, तोंडाला पदर लावून.

"आयेला दारात बसू देऊ नगंस," धोंडीराम म्हणाला. "सकाळचं लई गार वारं सुटतंय."